मोठ्या शर्टाचे नवे वस्त्र

स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा बचत किंवा कर्ज अशा विषयाची असावी. कारण आम्ही व्यवसायाने बँकेत लिपिक आहोत. परंतु गेली दोन वर्षे रविवारच्या सुट्टीत मंडळाच्या शिवणवर्गात बसून आम्ही जे शिकलो, ते आपल्या भगिनींच्या अधिक उपयोगी पडेल असे आम्हाला वाटले. घरातील पुरुषमाणसाचा मोठ्या मापाचा, वापरात नसलेला शर्ट कापून त्यातून बाईमाणसाच्या अंगाचा कपडा कसा करावा, हा तो विषय. विषय साधा आहे. तरी आपल्या समाजात तो सोपा नाही. का नाही, ते आधी सांगितले पाहिजे.

उतरलेला कपडा

आपल्या वाडवडिलांच्या अंगावर जे कापड येई ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेले असे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांची वस्त्रे वापरावीत असे स्पष्ट सांगितले आहे. गावगाड्यात महारकीच्या कामाबद्दल जे काही पदरात पडे, त्यात मढ्यावरचे कापडही असे. ही वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. पण उतरलेल्या कपड्याची सल मनातून कायद्याने जात नाही.

१९२७ सालच्या डिसेंबरात महाडला जी परिषद भरली, तिच्यात २५ तारखेला मनुस्मृती जाळण्यात आली हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच परिषदेच्या वेळी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, याची आठवण मात्र कमी वेळा काढली जाते. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती खूण टाकून द्या. कपडा स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. वस्त्र हा स्वाभिमानाचा विषय आहे, हे त्यांनी अशा रीतीने थेट बायामाणसांना सांगितले.

आमच्या घरी हा धडा दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अंगी बाणवला होता. लहानपणी ते मुळशी खोऱ्यातल्या आपल्या गावी एका मोठ्या घरच्या मुलाचा उतरलेला सदरा घालून शाळेत गेले. त्या मुलाने वर्गात सर्वांसमक्ष तो सदरा ओळखला. पुढे दादा कारखान्यात लागले आणि पहिल्या पगारात त्यांनी नवे कापड घेऊन शर्ट शिवला. तेव्हापासून अखेरपर्यंत त्यांनी दुसऱ्याचा कपडा अंगाला लावला नाही, आम्हा मुलांनाही लावू दिला नाही. माणूस उंच, आडव्या बांध्याचा. त्यात कपडा सैल हवा. आपल्या पैशाचे कापड आहे, मग ते तोकडे का शिवायचे, असे ते म्हणत.

दादा गेले तेव्हा पेटीत त्यांचे अकरा शर्ट होते. कोणी म्हणाले गरजूला देऊन टाका, कोणी म्हणाले बोहारणीला देऊन भांडे घ्या. आई काही बोलली नाही आणि पेटी तशीच राहिली. शिवणवर्गात जेव्हा प्रत्येकीने सरावासाठी घरचा एक जुना शर्ट आणावा असे ठरले, तेव्हा आमच्यापुढे पेच पडला. ज्या माणसाने जन्मभर उतरलेला कपडा नाकारला, त्याचेच शर्ट कापून आपण घालायचे? शिवाय माणूस गेलेला. त्याचे वस्त्र अंगाला लावायचे म्हटले की मढ्यावरच्या कापडाची ती जुनी आठवण पुढे उभी राहते. आईला विचारले. आई म्हणाली, "ते काय कुणाकडनं मागून आणल्यात का? तुझ्या दादांच्या घामाचं कापड हाय ते. काप."

आईच्या या शब्दांत आमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर होते. उरलेले निम्मे आम्हाला विनयपिटकात सापडले.

चीवराची शिवण

प्रारंभीच्या काळात भिक्खू पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावर व स्मशानात टाकलेल्या चिंध्या गोळा करून त्यांचे चीवर करीत. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली. वरवर पाहता स्मशानातली चिंधी तीच. परंतु भिक्खूने ती आपल्या इच्छेने उचलली होती, आणि आपल्या पूर्वजांना ती सक्तीने नेसविली होती. वस्त्राचा मान वस्त्रात नसतो, ते कोणत्या नात्याने अंगावर आले यात असतो, हे येथे ध्यानात येते.

महावग्गात याच संदर्भात एक सुंदर प्रसंग आहे. दक्षिणागिरीकडे जात असता तथागतांनी मगध देशातील शेते पाहिली. चौकोनी वाफे, मध्ये बांध, बांधाला छेदणारे बांध. त्यांनी आनंदाला विचारले, या शेतांसारखे चीवर तुला करता येईल का? आनंदाने कापडाचे तुकडे कापून तसे चीवर शिवले आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीची प्रशंसा केली. कापलेले वस्त्र श्रमणाला शोभते आणि त्याचा कोणी लोभ धरीत नाही, असेही त्यांनी सांगितले. आपल्या मुळशीच्या माणसाला हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. आंबेमोहोराची खाचरे आणि त्यांचे बांध पावसाळ्यात टेकडीवरून पाहावेत, म्हणजे आनंदाने काय शिवले ते दिसते.

यातून आम्ही घेतलेला बोध असा : कापड कापून, जोडून, आपल्या मापाने पुन्हा शिवले की ते दुसऱ्याचे उतरलेले राहत नाही. मात्र ते खरोखर आपल्या मापाचे झाले पाहिजे. ढगळ शर्ट दोन्ही बाजूंनी नुसता दाबून घातला तर तो उतरलेलाच दिसतो. म्हणून पुढचा पाठ नीट समजून घ्यावा.

शर्टाची निवड

शिकणारीने सुती किंवा टेरीकॉटचा, पुढे बटणे असलेला शर्ट घ्यावा. हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या मुलांच्या घरी टी-शर्टांचे ढीग असतात; परंतु ते बनियनच्या ताणणाऱ्या कापडाचे असतात. साध्या मशीनच्या साध्या सुईने त्यावर टाके सुटतात. त्यांच्या वाटेला प्रारंभी जाऊ नये.

शर्ट धुऊन, इस्त्री करून उजेडासमोर धरावा. कॉलरची घडी, कफाची कड, कोपर आणि काख येथे कापड आधी विरते. पाठ आणि खालचा घेर सर्वांत टिकाऊ. दोन्ही हातांनी कापड जरा जोराने ताणावे. धागे सरकले किंवा चरचरले तर तो शर्ट गोधडीसाठी बाजूला ठेवावा. पूर्ण बाहीच्या मोठ्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे सुमारे अडीच मीटर कापड लागलेले असते. एवढे कापड आपल्या पेटीत पडून आहे, हे लक्षात घेतले म्हणजे कात्री जपून चालते.

उसवणे

आमची पहिली चूक येथे झाली. बाह्या न उसवता आम्ही दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतल्या. परिणाम असा, की पोत्याला कमरेत दोरी बांधावी तसे ते दिसू लागले आणि हात वर करताच सगळा कपडा वर ओढला जाई. शिवणवर्गाच्या बाई हसून म्हणाल्या, "ताई, माप माणसाचं घ्यायचं असतं, शर्टाचं नाही." तो शर्ट वाया गेला. दादांच्या अकरांपैकी एक कमी झाला याचे आम्हाला वाईट वाटले, पण धडा पक्का झाला.

तेव्हा आधी दोन्ही बाह्या उसवाव्यात, मग बाजूच्या शिवणी, मग कॉलर. बटणपट्टी आणि काजे तशीच ठेवावीत. ते सर्वांत किचकट काम आयते मिळते. पुरुषाच्या शर्टात काजे डाव्या बाजूला आणि बायकांच्या कपड्यात उजव्या बाजूला असतात. हा फरक बदलण्याचा खटाटोप करू नये.

माप आणि कापणी

उदाहरणासाठी ३४ इंच छातीच्या बाईची कुर्ती घेऊ. शर्ट जमिनीवर पसरला असता काखेपासून काखेपर्यंत २५ इंच भरतो, म्हणजे पूर्ण घेर ५० इंच. कुर्तीला छातीचे ३४ आणि सैलपणाचे ४ मिळून ३८ इंच हवेत. त्याचा चौथा भाग साडेनऊ इंच. शर्टाचा चौथा भाग साडेबारा इंच आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला ३ इंच जास्त. त्यापैकी १ इंच आत दाब म्हणून ठेवावा आणि २ इंच कापून टाकावे. पुढे अंग भरले तर तो दाब उसवून कपडा सैल करता येतो.

कमरेशी माप थोडे आत घ्यावे. नितंबाचे माप ३८ असेल तर तेथे ४ सैल धरून घेर ४२, म्हणजे चौथा भाग साडेदहा इंच आणि दाब वेगळा. खालचा गोल घेर तसाच ठेवला तरी शोभतो. बाजू कापण्यापूर्वी आपल्या अंगाला नेमक्या बसणाऱ्या एखाद्या जुन्या कुर्त्याचा आकार वर्तमानपत्रावर उतरवून घ्यावा आणि तो कागद शर्टावर ठेवून खडूने रेषा मारावी. नजरेने कापू नये.

खरी अडचण खांद्याशी आणि मुंढ्याशी येते. मोठ्या शर्टाचा खांदा २० इंच असतो, आपल्याला १४ हवा. मध्यापासून ७ इंच आणि शिवणीसाठी अर्धा इंच धरून बाकीचे कापावे. मुंढा मात्र नुसता आत घेऊन चालत नाही, कारण शर्टाचा मुंढा दहा-अकरा इंच खोल असतो आणि आपल्याला साधारण साडेसात इंच पुरतो. खोल मुंढा तसाच राहिला तर बगल उघडी पडते. यावर उपाय असा, की खांद्याची शिवण उसवून वरून एक ते दीड इंच कापड काढावे. मग संपूर्ण अंग तेवढे वर सरकते आणि मुंढ्याची खोली कमी होते. तरीही जागा उरली तर बाहीच्या कापडाचा छोटा चौकोनी तुकडा काखेत जोडावा. छातीवर कपडा नीट बसावा म्हणून पुढच्या भागात बाजूने एकेक टक्स घालावा.

पुरुषी बाहीची वरची गोलाई चपटी असते. तिला जरा खाली सरकून नव्याने उंच गोलाई द्यावी. मुंढ्याभोवती टेप फिरवून माप घ्यावे. बाहीची गोलाई त्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच जास्त असावी आणि ती हळूहळू सामावून घेत टीप मारावी. मारण्यापूर्वी हाताने कच्चा धावदोरा घालून एकदा अंगात घालून पाहावे. मशीनची टीप उसवण्यापेक्षा धावदोरा काढणे सोपे जाते.

गळ्याला कॉलर नको असेल तर ती काढून पुढे दीड-दोन इंच गळा उतरवावा. बाहीच्या उरलेल्या कापडातून दीड इंच रुंदीची तिरपी पट्टी कापून गळ्याला लावावी. सरळ पट्टी गोलाईवर वळत नाही, तिला चुण्या पडतात.

खिशाविषयी एक सूचना. जुन्या शर्टाचा खिसा उसवला तर खालचे कापड न विटलेले, गडद रंगाचे निघते आणि तो चौकोन जन्मभर दिसत राहतो. म्हणून खिसा जागेवरच ठेवावा, आणि दुसऱ्या शर्टाच्या कापडाचा आणखी एक खिसा खाली बाजूच्या शिवणीत द्यावा. बाईच्या कपड्याला खिसा का नसतो, ही आमची जुनी तक्रार आहे. बसचे सुटे पैसे, किल्ली आणि मोबाईल ठेवायला तो हवाच.

मुलीचा फ्रॉक

सहा-सात वर्षांच्या मुलीसाठी याहून सोपा मार्ग आहे. शर्ट काखेखाली सरळ आडवा कापावा. खाली सुमारे २० इंच लांब आणि ५० इंच घेराचा भाग मिळतो. मुलीची छाती २४ इंच असेल तर २७ इंचांची चोळी वरच्या भागातून कापावी आणि खालच्या घेराला चुण्या घालून ती तिला जोडावी. घेर जवळजवळ दुप्पट असल्यामुळे चुण्या भरदार पडतात. खालची दुमड २ इंचांची ठेवावी, म्हणजे मुलगी उंच झाली की दुमड उसवून आणखी एक वर्ष फ्रॉक वापरता येतो.

उरलेले तुकडे

चुल्लवग्गात कौशांबीच्या उदेन राजाची गोष्ट आहे. राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला वाटले, एवढ्या वस्त्रांचा हा व्यापार करणार की काय? त्याने आनंदाला विचारले, इतक्या वस्त्रांचे काय कराल? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची जमिनीवरची अंथरुणे, त्यांची पुढे पायपुसणी, त्यांची धूळ पुसण्याची फडकी, आणि ती फडकीही जीर्ण झाली म्हणजे ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ही गोष्ट वाचताना आम्हाला आमची आजी दिसली. लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे आणि अखेरीस जमीन सारवायचे पोतेरे, हा क्रम तिला कोणत्याही ग्रंथात वाचावा लागला नव्हता. शर्टाचा कफ आणि कॉलर यांची हातात धरायची फडकी होतात, बाहीची भाजीची पिशवी होते, आणि बोटभर तुकडे गोधडीच्या थरात जातात.

हिशेब

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक किलो सुती कापड तयार होण्यासाठी जगभराच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडते. पाव किलोच्या एका शर्टामागे ते अडीच हजार लिटर होते. १५ लिटरच्या हंड्याने मोजले तर दीडशेहून अधिक हंडे. धरणाच्या तालुक्यात राहूनही उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहिलेल्या भगिनींना या आकड्याचा अर्थ आमच्यापेक्षा चांगला कळेल.

दुसरा हिशेब कर्जाचा. शिवणयंत्रासाठी कर्ज मागायला येणाऱ्या भगिनींना आम्ही काउंटरवरून एकच गोष्ट सांगतो : यंत्र घेण्याआधी हात तयार करा. नव्या कापडावर शिकताना कापड बिघडते आणि हप्ता मात्र चुकत नाही. जुन्या शर्टावर दहा वेळा चुकले तरी नुकसान नाही. शिवाय उसवताना शिंप्याने शर्ट कसा जोडला होता ते टाक्याटाक्याने दिसते, आणि तो पाठ कोणत्याही वर्गात मिळत नाही. हात बसला की मग २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची चौकशी जरूर करावी. तिच्यात शिंपीकाम समाविष्ट आहे, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्जाची तरतूद आहे.

पहिली कुर्ती पुरी करायला आम्हाला चार रविवार लागले. आता एक दुपार पुरते. दादांचा फिकट निळ्या चौकटींचा शर्ट होता, डाव्या खिशाच्या कोपऱ्यात पेनाच्या शाईचा डाग असलेला. त्याची कुर्ती शिवून आम्ही गेल्या बुद्धपौर्णिमेला घातली. विहारात एका बाईंनी विचारले, "छान आहे, कुठून घेतली?" आम्ही काही बोलण्याआधी आईच म्हणाली, "घरचीच हाय." आणि तिने खिशावरून एकदा हात फिरविला. डाग काढण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही.

पेटीत अजून सहा शर्ट आहेत. त्यांतील दोन भाचीच्या फ्रॉकसाठी ठरले आहेत. वाचक भगिनींनीही आपापल्या घरची पेटी एकदा उघडून पाहावी, आणि कात्री हाती घेण्यापूर्वी टेप हाती घ्यावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमची लेखणी थांबवितो.

नमो बुद्धाय. जयभीम.